गोजरबाईंचं नाक

भोकरमळ्याच्या गोजरबाई लहारे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते राहात्याच्या तहसील कचेरीत, २०१० साली. मी तेव्हा निवडणूक शाखेत अव्वल कारकून होतो. त्यांच्याबरोबर अकरा बायका होत्या. गावातलं सरकारमान्य देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान घ्या, असा त्यांचा अर्ज होता. तो तिसऱ्यांदा आला होता. पहिला परत गेला, कारण सह्या मतदार यादीतल्या नावांशी जुळत नव्हत्या. दुसरा परत गेला, कारण काही बायकांनी डाव्याऐवजी उजव्या हाताचा अंगठा उठवला होता. दोन्ही टिपण्या माझ्या हातच्या होत्या आणि दोन्ही नियमाला धरून होत्या.

तिसऱ्या अर्जात खोट काढण्यासारखं काही सापडलं नाही. मग मी त्यांना समोर बसवून मतदानाची पद्धत समजावली. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. एक उभी बाटली, एक आडवी. दुकान चालू ठेवायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर.

गोजरबाईंनी नमुना मतपत्रिका हातात घेतली. थोडा वेळ पाहिली. मग कागद फिरवून धरला.

"भाऊसाहेब, आता ही उभी आडवी झाली की."

खरंच झाली होती. आणि आडवी होती ती उभी झाली होती. मी शासन निर्णय काढून परत वाचला. मतदाराने कागद कसा धरावा याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आमीच बायांना सांगू. कागद जसा हातात येतो तसाच टेबलावर ठेवायचा. फिरवायचा न्हाई."

मग मी दुसरा नियम सांगितला. दुकान बंद करायला, झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात.

"म्हंजी जी घरी बसली ती दारूच्या बाजूची?"

"तसंच धरावं लागतं."

"आन् जी मेली ती?"

"यादीत नाव असेल तर तीसुद्धा."

त्या उठून गेल्या. पंधरा दिवसांनी आल्या त्या तेवीस मृत्यूचे दाखले घेऊन. कुणाचा दाखला माहेरच्या गावाहून आणला होता, कुणाचा जामखेडहून, कारण ती बाई लेकीकडे जाऊन वारली होती. मी तेवीस नावं कमी केली. ८१२ च्या ७८९ झाल्या. म्हणजे ३९५ मतं हवी होती.

मिळाली ३९८. तेवीसजणी यादीत राहिल्या असत्या तर ४०७ लागली असती आणि दुकान आजही तिथंच असतं. भोकरमळ्याची दारू मेलेल्या बायकांनी बंद केली असं मी कचेरीत म्हणायचो. ऐकणाऱ्याला तो विनोद वाटायचा.

मतमोजणी सुरू व्हायला वेळ होता तेव्हा शाळेच्या पायरीवर बसून मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही यात कशा पडलात? त्यांनी सरळ सांगितलं. नवरा, रामनाथ, लग्नानंतर दोन वर्षांनी प्यायला लागला. तो संध्याकाळी घरी यायच्या वेळी त्या दारात उभ्या राहायच्या आणि तो उंबरा ओलांडायच्या आत त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या.

"देशीला संत्र्याचा वास येतो. हातभट्टीला नवसागराचा, नाकात चावतो. शेव खाऊन घेतली का उकडल्यालं अंडं खाऊन, त्ये बी कळतं. वीस वर्सं वास घेतला भाऊसाहेब. त्या वासावरनं ठरायचं, आज बोलायचं का गप बसायचं. पोरांना जेवाय वाढायचं का आधी शेजारी धाडायचं."

हे सांगताना त्यांचा आवाज पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसा होता.

निकाल लागला, गुलाल उधळला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. गोजरबाई दारूबंदी समितीच्या अध्यक्ष झाल्या. जिल्ह्याला बोलावून त्यांना शाल आणि सन्मानपत्र दिलं. त्या समारंभाची खुर्च्यांची व्यवस्थाही माझ्याकडेच होती. रामनाथची दारूही सुटली. बायकोच्या चळवळीमुळे सुटली असं सन्मानपत्रात लिहिलं होतं. रामनाथ स्वतः सांगायचा की सगळ्यात जवळचं दुकान आता सात किलोमीटरवर गेलं आणि आपल्याला सायकल मारायला गुडघे साथ देईनात.

यानंतर माझी बदली कोपरगावला झाली आणि गोजरबाई माझ्या डोक्यातून गेल्या.

मी निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. राहात्यात घर बांधलं आहे. दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जातो, पंचशील म्हणतो. पाचव्या शीलात मादक पदार्थांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती मी आजवर मोडलेली नाही. नोकरीत संधी पुष्कळ आल्या होत्या. माझी मुलगी प्रज्ञा पुण्यात कंपनीत असते. गेल्या डिसेंबरात ती आली आणि म्हणाली, "पप्पा, आपल्या जवळच एक वायनरी झाली आहे. घरगुती आहे. मी दोघांचं बुकिंग केलंय."

"मी तिथं काय करू?"

"बघायला काय हरकत आहे? द्राक्षाची शेती बघा. तुम्हाला सातबारा दिसला की बरं वाटतं ना?"

वायनरी भोकरमळ्यात होती हे मला भाड्याची गाडी डांबरी सोडून वळली तेव्हा कळलं. फाटकाशी खुर्ची टाकून एक पांढऱ्या टोपीतला म्हातारा बसला होता. त्याने गाडी लिंबाखाली लावायला सांगितली. पुढे जुनी पोल्ट्रीची शेड होती. पत्रा तसाच होता, भिंती नव्या होत्या, आत गारवा सोडलेला होता. एका बाजूला काचेमागे स्टीलच्या टाक्या, दुसरीकडे लांब लाकडी टेबल, आणि भिंतीला छतापर्यंत लाकडी खण ठोकून त्यात शेकडो बाटल्या ठेवलेल्या. सगळ्याच्या सगळ्या आडव्या. मी त्या बघत उभा राहिलो तेव्हा टेबलामागून आवाज आला.

"बुच ओलं ऱ्हावं म्हून आडव्या ठेवत्यात, भाऊसाहेब. उभी एक बी न्हाई. मोजून घ्या."

डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, हातात काचेचा ग्लास पुसायचा पांढरा कपडा. गोजरबाईंनी मला ओळखलं होतं. मला त्यांना ओळखायला क्षणभर लागलं, कारण मी त्यांची कल्पना कुठेही केली असती, दारूच्या बाटल्यांसमोर केली नसती.

"तुमी तर मोजनीला हुते," त्या मला म्हणाल्या आणि मग प्रज्ञाकडे वळल्या. "तीन मतं जास्त निघाली तर तुजे वडील परत मोजाय बसले. दोनदा मोजली. आमचा जीव टांगनीला."

प्रज्ञाला ही गोष्ट नवीन होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "नियम होता."

त्या दिवशी पाहुणे थोडे होते. गोजरबाईंची सून निकिता आमच्याजवळ येऊन बसली आणि तिच्याकडून, मधूनमधून स्वतः गोजरबाईंकडून, मला मधल्या पंधरा वर्षांत काय झालं ते कळलं.

गोजरबाईंचा धाकटा मुलगा अंगद नाशिकला एका वायनरीत नऊ वर्षं कामाला होता. लॉकडाऊनमध्ये घरी आला तो परत गेलाच नाही. दोन एकरात वाइनची द्राक्षं लावली. पोल्ट्री तोट्यात होती, तिची शेड रिकामी केली आणि आईला सांगितलं की आपण वाइन करायची. गोजरबाईंनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून आठ महिने त्यांनी मुलाला जे काय सांगायचं ते निकिताकरवी सांगितलं. अंगद समोरच बसलेला असायचा.

"निकिता, त्याला म्हनावं, भाकरी गार व्हायलीय."

"आई, वाइन म्हणजे दारू नाही," अंगद म्हणायचा. "सरकारसुद्धा तसंच म्हणतंय."

"निकिता, त्याला म्हनावं, सरकारच्या दुकानातलीच आमी बंद केली हुती."

परवान्यासाठी ग्रामपंचायतीची ना-हरकत हवी होती. विषय ग्रामसभेत आला. सगळं गाव गोळा झालं, कारण दारूबंदी समितीच्या अध्यक्ष मुलाच्या विरोधात हात वर करणार, हे बघायचं होतं. गोजरबाईंनी तसं ठरवलंही होतं. पण त्यांच्या आधी दुसराच माणूस बोलायला उठला. त्या देशी दुकानाचा जुना मालक. दुकान गेल्यावर त्याने हमरस्त्याला परमिट रूम काढली होती आणि ती जोरात चालली होती. तो उभा राहून अर्धा तास बोलला. गावाचे संस्कार, तरुण पिढी, माय-माउल्यांचा लढा. गोजरबाईंचं नाव त्याने चार वेळा घेतलं. शेवटी म्हणाला की ह्या माउलीच्या पाठीशी मी खंबीरपणे उभा आहे.

"भाऊसाहेब, मी पुढच्याच खुर्चीवर हुते," गोजरबाई मला म्हणाल्या. "त्याच्या तोंडाचा वास येत हुता. त्याच्याच हाटेलातला. आन् म्हनतो पाठीशी हाय. मग हात वर करा म्हनले तवा माझा हात वर जाईना. त्याच्या बाजूनं कसा करायचा? तिकडं बी जाईना, पोराच्या बाजूनं. तसाच मांडीवर ऱ्हायला."

अध्यक्षांचा हात वर गेला नाही म्हणून समितीच्या बायकांचेही गेले नाहीत. ना-हरकत मंजूर झाली. परमिट रूमवाल्याने त्या दिवशी गोजरबाईंना दारूधार्जिण्या म्हटलं. त्यांनी घरी येऊन अंगदशी बोलायला सुरुवात केली. पहिलं वाक्य होतं, "मी त्या शेडमदी पाऊल टाकनार न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

ते त्यांनी एक वर्ष पाळलं. शेडच्या मागून गोठ्याकडे जायची वाट होती, तेवढ्यावरून त्या जायच्या-यायच्या. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये, द्राक्षं उतरून रस तीन टाक्यांत आंबायला ठेवला होता तेव्हा, त्या वैरणीचा भारा घेऊन मागून चालल्या होत्या. थांबल्या. भारा खाली टाकला आणि खिडकीतून ओरडल्या, "अंगद, तुझी एक टाकी बिघडायलीय."

अंगदने महिन्यातून दोनदा येणारा एक सल्लागार लावला होता. तो नेमका त्या दिवशी आला होता. त्याने तिन्ही टाक्यांतली वाइन ग्लासात घेतली, फिरवली, तोंडात घोळवली, भांड्यात थुंकली आणि तिन्ही उत्तम असल्याचं सांगितलं. खिडकीतल्या बाईकडे बघून तो हसला.

"आजी, आंबण्याचा वास असाच असतो."

"आंबन्याचा मला सांगू नगा. ह्यो शिर्क्याचा हाय. अजून शिर्का झाला न्हाई, हुनार हाय. कडंची टाकी."

कडेची म्हणजे तीन नंबर. सल्लागार गेल्यावर अंगदला राहवलं नाही. त्याने तिन्हींचे नमुने तपासायला पाठवले आणि तोवर तीन नंबरचे पाइप दुसऱ्या टाक्यांना लावू दिले नाहीत. चार दिवसांनी अहवाल आला. तीन नंबर शिर्क्याकडे, म्हणजे व्हिनेगरकडे, निघाली होती. ती गेली, पण बाकीच्या दोन वाचल्या. अंगद अहवाल घेऊन आईसमोर बसला आणि म्हणाला, "आई, रोज सकाळी एक चक्कर मारशील का? प्यायची नाही. फक्त वास."

गोजरबाईंनी दोन दिवस विचार केला. मग शेडमध्ये गेल्या.

"वीस वर्सं शिकले त्ये कुठंतरी कामाला यावं," त्या मला म्हणाल्या. "घरात त्याचा काय उपेग झाला न्हाई."

टेबलामागे त्या आल्या ते निकिता बाळंतपणाला गेली म्हणून. पुण्याहून आलेल्या पहिल्याच पाहुण्यांनी विचारलं, या वाइनमध्ये कोणकोणते स्वाद आहेत? निकिताने ते पाठ करून घेतले होते, पण इंग्रजी फळांची नावं गोजरबाईंच्या लक्षात राहिली नाहीत. त्यांनी ग्लास नाकाशी धरला आणि जे आलं ते सांगितलं. पांढरीला आधी कच्च्या पेरूची साल, मग ओल्या भिंतीला चुना लावल्यावर येतो तो वास. लालला पिकलेली जांभळं, कुटलेली मिरी आणि नवी कोरी चप्पल. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात लोक फोन करून विचारायला लागले की चपलेची वाइन आहे का.

एक थेंबही न घेता त्या हे करतात हे पाहुण्यांना फार आवडतं. थुंकायचं भांडं टेबलावर असतं आणि त्याचा आग्रह त्याच धरतात. "गिळू नगा. घोळवा आन् टाका. सगळ्या बेवड्यांनी असं घेतलं असतं तर मला कचेरीत चकरा माराया लागल्या नसत्या." गाडी कोण चालवणार हे त्या आधी विचारतात आणि त्याला ग्लासच देत नाहीत, द्राक्षाचा रस देतात.

दारात वास घ्यायची सवयही त्यांनी इथे आणली. मध्यंतरी वाइनबद्दल व्हिडिओ करणारा एक तरुण आला होता. त्याला लाखभर लोक बघतात म्हणे. निकिताने खास बोलावलं होतं. तो आत शिरायच्या आधीच गोजरबाईंनी त्याला थांबवलं.

"ह्यांनी गाडीत घेतल्याली हाय. इस्की. वरनं बडीशेप."

"आजी, मी या क्षेत्रातला प्रोफेशनल आहे."

"व्हय, त्ये वासावरनं कळतंय."

त्यांनी त्याला आत घेतलं नाही. निकिता रडकुंडीला आली. त्याने फाटकाबाहेर उभं राहूनच व्हिडिओ केला की इथे एक म्हातारी बाई पाहुण्यांची तोंडं हुंगते आणि परत पाठवते, कुणी येऊ नका. तो व्हिडिओ खूप चालला. पुढच्या आठवड्यात फोनवर फोन. बहुतेक बायकांचे. "आजी दारातच वास घेतात ना? मग आमचं चौघांचं लिहा."

एवढं सांगून होईपर्यंत प्रज्ञासमोर तीन ग्लास झाले होते. ती ग्लास दांडीला धरून अगदी सराईतपणे फिरवत होती. गोजरबाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "पोरगी नवी न्हाई हां ह्यातली." मी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञाने टाक्यांकडे पाहिलं. तिच्याबद्दल काही गोष्टी मला माहीत नाहीत हे मला माहीत होतं. त्यातली एक त्या दिवशी कळली.

मग गोजरबाईंनी एक ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"मी घेत नाही," मी म्हणालो. "पंचशील आहे."

"मी तरी कुठं घेते? नाक लावा. नाकाला काय शील असतंय?"

याबद्दल मी नंतर विहारात कुणाला विचारलं नाही. ग्लास नाकाशी नेला. आधी नुसता गारवा आला. "डोळं मिटा," त्या म्हणाल्या. मिटले. मग खरंच, कुठून तरी, माझ्या आजोळच्या घरी चुन्याचा पोचारा दिलेल्या भिंतीचा वास आला. आम्ही दोघं न पिणारी माणसं त्या टेबलाशी अर्धा तास एकेक ग्लास हुंगत बसलो आणि माझ्या मुलीने आमचे फोटो काढले.

निघायची वेळ झाली तेव्हा गोजरबाईंनी मला बाजूला घेतलं. टाक्यांच्या काचेपाशी. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला वेगळा वाटला.

"एक काम हुतं भाऊसाहेब. फाटकात आमचे मालक बसल्यात, बघितले का? दारू सुटून पंधरा वर्सं झाली. मी अजून रोज संध्याकाळी दारात वास घेते. पन आता काय झालंय, क्रेट धुवायला, टाक्या धुवायला त्येच असत्यात. कपड्याला वास, हाताला वास, केसाला सुदीक. घरालाच वास मारतोय. जगाचं सांगते मी, ह्याच्यात चुना हाय, त्याच्यात मिरी हाय. आन् माझ्या मानसानं घेतली का न्हाई, त्ये काय मला आता कळंना. तुमी बाहेरचे. तुमच्या नाकात टाकी बसल्याली न्हाई. जाताना जरा जवळ जाऊन बगा. आन् मला खरं काय त्ये सांगा."

नोकरीत मी पुष्कळ स्थळपाहणी केली. विहीर आहे का, झाड पडलं का, भिंत कोणाच्या हद्दीत. अशी पाहणी कधी आली नव्हती. पण नाही म्हणता येईना. प्रज्ञाला बाटल्या बांधून घ्यायला सांगून मी फाटकाकडे गेलो.

रामनाथ खुर्चीवरून उठले नाहीत. मी जवळ जाऊन, गाडीची काहीतरी चौकशी करत, जरा जास्तच वाकलो. ते माझ्याकडे बघत राहिले.

"तिनं धाडलं का?"

मी खोटं बोलायच्या तयारीत नव्हतो. "हो," म्हणालो.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मान वर केली आणि तोंड उघडलं. दाताच्या डॉक्टरपुढे उघडतात तसं. मी वास घेतला. तंबाखूचा आला, कांद्याचा आला. दारूचा आला नाही. आतल्या अर्ध्या तासात जे शिकलो होतो त्यावर एवढं नक्की सांगता येत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "मी त्यांना सांगतो तसं. त्यांच्या जिवाला घोर नको."

रामनाथ एकदम उठायला गेले. गुडघ्यांमुळे त्यांना ते जमलं नाही, खुर्चीचा हात धरावा लागला.

"भाऊसाहेब, एवढं करू नगा."

"का? चांगलंच सांगणार आहे."

"चांगलं सांगाल आन् ती वास घ्यायची बंद हुईल." टोपी त्यांच्या मुठीत होती. "तरनी हुती तवा माझ्या वासानं लांब पळायची, पोरं घिऊन. माझीच करनी. मग सुटली दारू, तर ती मीटिंगात, सत्कारात. आता ह्या शेडमदी. दिवसातनं तेवढीच एकदा जवळ येती. दारात उभी ऱ्हाते, खांद्यावर हात ठिवती, नाक हितं आनती." त्यांनी हनुवटीला बोट लावलं. "थोडा वेळ ठरवीत ऱ्हाती, हाय का न्हाई. तेवढा वेळ मी गप उभा ऱ्हातो."

मी शेडकडे परत निघालो. पस्तीस वर्षं मी अहवाल लिहिले. समोर जे दिसलं ते लिहायचं, एवढंच मला येत होतं, आणि ज्यांचं त्यात बरंवाईट व्हायचं त्यांच्या तोंडाकडे मी बघत नसे. बघितलं असतं तर गोजरबाईंचे पहिले दोन अर्ज परत गेले नसते.

शेडच्या दारात गोजरबाई उभ्या होत्या. हातातला कपडा त्यांनी घट्ट धरला होता.

"काय दिसलं?"

"गोजरबाई," मी म्हणालो, "मला काही खात्रीनं सांगता येत नाही."

"म्हंजी वास हाय?"

"आहे असंही म्हणवत नाही. नाही असंही म्हणवत नाही. इतका वेळ ग्लास हुंगले, माझंच नाक भरलंय. हे बाहेरच्या माणसाचं काम नाही. तुम्हीच बघत जा. रोज बघत जा. आणि जरा वेळ घेऊन बघत जा."

त्या माझ्याकडे रोखून पाहत राहिल्या. कचेरीत मी अर्ज परत द्यायचो तेव्हा अशाच बघायच्या.

"सरकारी मानूस तो सरकारी मानूस," त्या म्हणाल्या. "एक काम सांगितलं तर त्येबी धड न्हाई."

प्रज्ञा गाडीत बसून वाट पाहत होती. मी बसलो. मागे वळून बघितलं तेव्हा गोजरबाई पदराने हात पुसत, बडबडत, फाटकाकडे निघाल्या होत्या. अजून पाचसुद्धा वाजले नव्हते. रामनाथ खुर्चीपाशी उभे होते आणि त्यांनी टोपी घातलेली नव्हती.